विचारा बिनधास्त: टोकियोत याकितोरी खायला नेमकं कुठे जायचं?

जपानला निघालेल्या वाचकांकडून खाण्यापिण्याचे प्रश्न मागवले होते, आणि सुशी-रामेन राहिलं बाजूला, सगळ्यांना कोळशावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्याच हव्यात असं दिसतंय, म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय त्यामुळे फक्त गावं देतेय.

प्रश्न (ठाणे): ताई, कंपनीच्या कामासाठी टोकियोला चाललोय, हॉटेल शिंजुकूला आहे. संध्याकाळी चांगल्या इझाकायात बसून कोळशावरची याकितोरी खायचीय. रील्समध्ये सगळे ओमोइदे योकोचो दाखवतात, तिथेच जाऊ का? एकटा आहे आणि जपानी अजिबात येत नाही.

बघायला जरूर जा, स्टेशनच्या पश्चिमेला रुळांना लागूनच ती बोळ आहे, पण पोटभर खायला तिथेच बसलं पाहिजे असं काही नाही. युद्ध संपल्यावर काळ्या बाजाराच्या टपऱ्यांतून ती गल्ली उभी राहिली, तेव्हा बाकी सगळ्यावर कंट्रोल आणि आतडी-कोथळ्यावर तेवढं नाही, म्हणून डुकराच्या नि गुरांच्या आतल्या भागांच्या काड्या भाजून विकायची तिथे पद्धत पडली आणि ती आजही चालू आहे. म्हणजे चिकन समजून हात घालाल आणि भलतंच तोंडात येईल. त्यात आता गर्दी सगळी टुरिस्टांची, जागा दाटीवाटीची, खाणं संपलं की उठा. एक बिअर, दोन काड्या, फोटो, निघा. एवढ्यापुरतं ठीक.

खरं सांगायचं तर तुम्ही इझाकाया शोधताय तिथेच गोची आहे. इझाकाया म्हणजे दारू आणि तिच्या सोबतीला शंभर पदार्थ. ज्या मेनूकार्डावर साशिमी, पिझ्झा, फ्राइज, नूडल्स आणि कोपऱ्यात याकितोरी असं सगळं फोटोसकट छापलंय तिथली याकितोरी बऱ्याचदा बाहेरून आलेली फ्रोझन असते, काड्या ओवलेल्याच येतात, थायलंड-चीनमधूनही येतात. वाईट नसते, पण त्यासाठी टोकियोपर्यंत जायची गरज नाही. तुम्हाला हवंय ते दुकान वेगळं, जिथे शेगडी हेच मुख्य काम आणि बाकीचे पदार्थ तोंडी लावण्यापुरते. त्याला याकितोरी-या म्हणतात. वातावरण तेच, लाल कंदील, दारावर कापडी पडदा, ऑफिस सुटलेली माणसं टाय सैल करून बसलेली, फक्त स्वयंपाकघराचा जीव एका गोष्टीत असतो.

ओळखायचं कसं? आधी काउंटर बघा. शेगडी गिऱ्हाइकाच्या समोर असेल, भाजणारा हातपंख्याने वारा घालत असेल आणि काड्या सारख्या उलटत असेल, कोणाशी बोलला तरी नजर निखाऱ्यावरून हलत नसेल, तर निम्मं काम झालं. मग काचेच्या कपाटातल्या कच्च्या काड्या बघा. हाताने ओवलेल्या असतील तर टोकाकडचा तुकडा मोठा आणि मुठीकडचा लहान असतो, कारखान्यातल्या कशा एकजात सारख्या दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे भिंतीवर काही पदार्थ ‘संपले’ म्हणून खोडलेले असणं, ही फार चांगली खूण. एका कोंबडीला हृदय एकच, शेपटीचा तुकडा एकच, हृदयाच्या एका काडीसाठी चार-पाच कोंबड्या लागतात, मग रात्री दहालाही सगळं मिळत असेल तर ते कुठून येतंय याचा विचार करा.

कोळशाचंही सांगते कारण त्याचं फार कौतुक ऐकाल. बिंचोतान नावाचा कडक पांढुरका कोळसा, वाकायामा भागातला सगळ्यात नावाजलेला, उबामे नावाच्या ओकच्या लाकडाचा. भट्टीत शेवटी प्रचंड तापवून बाहेर काढतात आणि ओल्या राख-मातीत झाकून विझवतात, म्हणून वरून पांढरा दिसतो, दोन तुकडे आपटले तर धातूसारखा खणखणतो. ज्वाळा नाही, धूर फारसा नाही, पण आच एकसारखी आणि तासन्‌तास. तो धुरकट वास येतो ना, तो कोळशाचा कमी आणि चरबी निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो त्याचा जास्त. त्यामुळे गॅसवर भाजणारा हुशार माणूस कोळशावरच्या अर्धवट माणसापेक्षा बरा, पाटीवर बिंचोतान लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका.

आता जागा. शिंजुकूहून चुओ लाइनने पंधरा-वीस मिनिटांत किचिजोजी, तिथे इनोकाशिरा पार्कच्या वाटेवर इसेया आहे, १९२८ पासूनचं, स्वस्त, धुराने भरलेलं, गोंगाट, काड्या मोठ्या आणि रांगडे लोक. नाजूक चवीसाठी नाही, पण पहिल्या संध्याकाळसाठी मी डोळे मिटून तिथे पाठवीन. युराकुचोला रेल्वेच्या शंभर वर्षांहून जुन्या विटांच्या कमानींखाली ठेले आहेत, डोक्यावरून गाड्या धडधडत जातात, शिंबाशीपर्यंत तसं चालत गेलात तर नोकरदार टोकियो काय असतं ते कळेल. खर्च करायची तयारी असेल तर मेगुरोचं तोरीशिकी आणि गिंझाचं बर्डलँड, दोघांनाही मिशलिन स्टार मिळालेले, पण तिथे आयत्या वेळी जाऊन काही होत नाही, तोरीशिकीला तर महिने आधी बघावं लागतं. आणि काहीच जमलं नाही, पाय दुखतायत, पाऊस पडतोय, तर पिवळ्या-लाल पाटीचं तोरीकिझोकू शोधा. ही ओसाकाकडे १९८५ साली सुरू झालेली चेन, सगळ्या पदार्थांना एकच किंमत, ती हळूहळू चढत आता चारशे येनच्या आसपास आलीय, एका प्लेटमध्ये दोन काड्या. चेन म्हणून नाक मुरडू नका, कोंबडी जपानमधलीच आणि ओवणं प्रत्येक दुकानात हातानेच, टॅबलेटवर इंग्रजीत ऑर्डर देता येते.

रेटिंगचं म्हणाल तर ताबेलोग या जपानी साइटवर बघा, तिथले लोक मार्क द्यायला महाकंजूष, साडेतीन म्हणजे खूपच चांगलं, ३.२ चं दुकानही आरामात जेवण्यासारखं. गूगलवर ४.८ आणि खाली सगळे रिव्ह्यू इंग्रजीत असतील तर मी तरी पुढे जाते.

एकटे आहात हा फायदाच आहे हो. काउंटरवर एक खुर्ची सुटी असतेच, विशेषतः संध्याकाळी पाचला दुकान उघडतं तेव्हा. सातला गेलात तर हात हलवत परत. आणि शिंजुकूतल्याच काबुकिचो भागात रस्त्यावर कोणी हसतमुखाने ‘या सर, याकितोरी, स्वस्त’ म्हणत मागे लागला तर कितीही भूक असली तरी जायचं नाही, चांगल्या दुकानाला रस्त्यावरून माणसं ओढायची गरज नसते, आणि तिथे तर लाउडस्पीकरवरून या लोकांपासून सावध राहा असं सारखं सांगत असतात.

प्रश्न (नाशिक): मेनूत तीस-तीस नावं असतात म्हणे, काय मागवायचं? मीठ की सॉस?

सुरुवात नेगिमाने करा, मांडीचं मांस आणि मध्ये लांब पांढऱ्या देठाच्या कांद्याच्या पातीचे तुकडे. नुसती मांडी म्हणजे मोमो (आपल्या वाफाळत्या मोमोंशी काही संबंध नाही). मग त्सुकुने, खिम्याचे गोळे, काही ठिकाणी त्यात कुरकुरीत मऊ हाड बारीक करून घालतात आणि बुडवायला कच्च्या अंड्याचा बलक देतात. तेबासाकी म्हणजे पंख, कावा म्हणजे कातडी. कातडी ही भाजणाऱ्याची खरी परीक्षा, घाई केली तर रबर, नीट वेळ दिला तर बाहेरून कडक आणि आत रसरशीत.

कलेजी-पेटा आवडणाऱ्यांची तर मजाच आहे. पेटा म्हणजे सुनागिमो, कराकरा चावायचा, मीठ लावून. कलेजी म्हणजे रेबा, ती मात्र सॉसमध्ये. मी नवीन दुकानात गेले की कलेजीची एक काडी मागवतेच, कारण ती शिळी असली तर लपत नाही, आणि जरा जास्त भाजली तर खडूसारखी होते. ती मलईसारखी आली की बिनधास्त पुढची ऑर्डर द्यायची. नानकोत्सु म्हणजे कुरकुरीत हाड, सेसेरी मानेचं मांस, बोंजिरी शेपटीचं, लोण्यासारखं चरबीदार, दोनपेक्षा जास्त जात नाही.

मीठ म्हणजे शिओ, सॉस म्हणजे तारे. सॉसमध्ये सोया, मिरिन (तांदळाची गोड, स्वयंपाकातली दारू), साखर, साके असतं आणि जुन्या दुकानांत त्याच भांड्यात वर्षानुवर्षं नवीन भर घालत राहतात, प्रत्येक काडी त्यात बुडत असल्यामुळे कोंबडीचा रसही उतरत जातो. साधारण हिशोब असा की पांढरं मांस, पेटा, पंख, कातडी मिठाचे, कलेजी आणि खिमा सॉसचे. नाहीच कळलं तर ‘ओमाकासे’ म्हणा, म्हणजे तुमच्यावर सोपवलं, किंवा पाच काड्यांची मिक्स प्लेट मिळते ती घ्या. सगळं एकदम मागवू नका मात्र, तीन-चार काड्या, त्या संपत आल्या की पुढच्या, गार झालेल्या काडीत काही राम नाही. तुकडे काट्याने काढून ताटलीत पसरून चौघांत वाटायची आपली सवय तिथे नको, काही दुकानदार तर तशी पाटीच लावतात, आडवी धरून सरळ तोंडाने ओढायची आणि रिकामी काडी समोरच्या उभ्या पेल्यात टाकायची.

जरा भारीतल्या ठिकाणी जिदोरी असं लिहिलेलं दिसेल. आपल्या गावठी कोंबडीचा प्रकार, पण तिथे त्याला सरकारी मानक आहे, देशी जातीचं रक्त निदान ५० टक्के, निदान ७५ दिवस वाढवलेली आणि २८ दिवसांची झाल्यावर मोकळी सोडलेली पाहिजे. अकिताची हिनाई, नागोया कोचीन आणि कागोशिमाची सात्सुमा ही मोठी नावं. मांस घट्ट, चावायला लागतं, चव खोल. ब्रॉयलरच्या मऊपणाची सवय असलेल्यांना पहिल्या घासाला ‘कडक आहे’ वाटेल.

एक सावधगिरी. काही दुकानांत चिकन आतून गुलाबी ठेवतात, सासामीला, म्हणजे छातीच्या आतल्या मऊ पट्टीला, वरून वसाबी लावून, कुठे कुठे तर चक्क कच्चं देतात. जपानी लोक खातात म्हणून आपण खायलाच हवं असं नाही, कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे पोट बिघडण्याचे प्रकार तिथेही होतात. ‘योकु याइते कुदासाइ’ म्हणा, नीट भाजून द्या, कोणी वाईट मानत नाही.

प्रश्न (निशी-कासाई, टोकियो): आम्ही इथेच राहतो, चिकन चालतं पण डुक्कर आणि बीफ नाही. याकितोरीच्या दुकानात निर्धास्त जाऊ शकतो का?

निर्धास्त नाही, विचारून जा. याकितोरी म्हटलं की कोंबडीच, असं दुकानदार मानतोच असं नाही. तुमच्या शेजारच्या साइतामात हिगाशी-मात्सुयामा गावात याकितोरी मागितली की डुकराच्या गालफडाचं मांस तिखट मिसो लावून येतं, होक्काइदोच्या मुरोरानला डुक्कर आणि कांदा, वर मोहरी. फुकुओकाला गेलात तर पोर्क बेली हीच सगळ्यात लाडकी काडी. टोकियोतही याकितोन लिहिलेली पाटी म्हणजे डुकराचं दुकान, आणि साध्या दुकानांत दोन्ही एकाच शेगडीवर भाजतात.

नावं पाठ करून ठेवा: बुताबारा, काशिरा, शिरो हे डुकराचे, ग्युतान ही गाय-बैलाची जीभ. हात्सु (हृदय) आणि रेबा (कलेजी) दोन्हीकडचं असतं, विचारावं लागतं. शतावरी किंवा चेरी टोमॅटो दिसला म्हणून व्हेज समजू नका, बाहेर बेकन गुंडाळलेलं असतं. ‘बुता-निकु ताबेरारेमासेन’, म्हणजे डुकराचं मांस खाता येत नाही, एवढं बसल्या बसल्या सांगून टाका. सॉसचं भांडं सगळ्या काड्यांचं एकच, त्यामुळे फार पाळत असाल तर सगळं मिठाचंच घ्या, आणि शेगडीसुद्धा नको असेल तर फक्त कोंबडीच भाजणारं दुकान शोधा, अशी भरपूर आहेत, बहुतेक जिदोरीवाली तशीच असतात.

तुम्ही तिथे राहता म्हणून अजून एक, स्टेशनजवळच्या ज्या दुकानाला रस्त्याकडे उघडणारी खिडकी आहे तिथून आधी पार्सल घेऊन बघा. ऑफिसहून घरी जाणारी माणसं, आज्या तिथे रांग लावून उभ्या असतात. चव आवडली की मग आत बसायचं, तोपर्यंत भाजणाऱ्यालाही तुमचा चेहरा ओळखीचा झालेला असतो.

प्रश्न (कोल्हापूर): मला याकितोरी खायचीय, बायको शाकाहारी आणि मुलगा सहा वर्षांचा. दोघांना घेऊन जाता येईल का?

जाता येईल, पण वहिनींचं जेवण म्हणून नाही, टाइमपास म्हणून. शिताके मशरूम, शिशितो नावाची बिनतिखट हिरवी मिरची, सिमला मिरची, पात, शरदात गिंकोच्या बिया, हे सगळं काडीवर मीठ लावून भाजून मिळतं आणि छान लागतं. एदामामे (हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), गार टोमॅटो, भाताचा भाजलेला गोळा हेही असतं, पण टोफूवर माशाचे कीस भुरभुरलेले असतात ते नको म्हणून सांगावं लागतं, आणि भाज्या त्याच शेगडीवर कोंबडीशेजारी भाजल्या जातात हे वहिनींना आधीच सांगा, तिथे बसल्यावर कळलं तर संध्याकाळ तुमची वाया. त्यांचं खरं जेवण आधी किंवा नंतर दुसरीकडे.

मुलाचं म्हणाल तर दारावरची सिगारेटची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून कायद्याने हॉटेलात आत धूम्रपान बंद आहे, पण छोट्या जुन्या दुकानांना सूट मिळालेली आहे, आणि जिथे ओढायला परवानगी आहे तिथे वीस वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. नऊ खुर्च्यांच्या काउंटरवर लहान मूल तसंही नको. तोरीकिझोकूसारख्या टेबलवाल्या ठिकाणी संध्याकाळी लवकर जा, चिरंजीव त्सुकुने आणि फ्राइजवर खूश राहतील.

प्रश्न (पणजी): मागच्या ट्रिपला एका इझाकायात न मागवलेल्या वाटीचे पैसे लावले. फसवलं का आम्हाला?

नाही हो. ती ओतोशी. बसल्या बसल्या छोटीशी वाटी येते, कोबी, उकडलेली भाजी, काहीही, आणि माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. आपण जागेचे पैसे देतोय असंच धरायचं. परत करायचा प्रयत्न करू नका, तोरीकिझोकूत ही भानगड नाही. शिवाय बसून खाल्लं की १० टक्के टॅक्स, काही ठिकाणी रात्री उशिराचा वेगळा चार्ज, आणि माणशी एक तरी ड्रिंक घ्यायचा अलिखित नियम, दारू पीत नसाल तर उलाँग चहा चालतो. टिप मात्र ठेवायची नाही, मागे पळत येऊन परत देतील. लहान दुकानात कार्ड चालेलच असं नाही, रोख ठेवा. साध्या ठिकाणी काडी दीडशे ते अडीचशे येन, पोट भरून दोन ड्रिंकसकट तीन-चार हजार, शेफ देईल ते खायच्या भारी दुकानात आठ हजारांच्या पुढे. पाटीवर किंवा मेनूत किमतीच नाहीत आणि भिंतीवरही नाहीत, असं काही दिसलं तर नमस्कार करून बाहेर.

प्रश्न (पुणे): जपानला जाणं काही होत नाही, गच्चीवर घरीच करता येईल का?

मस्त होते. बोनलेस मांडी घ्या, स्किनसकट मागा, चिकनवाला विचित्र बघेल पण देईल. ब्रेस्ट घेऊ नका, सुकतं. इंचभर तुकडे, बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवलेल्या, तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवून ओवायचे म्हणजे काडी जळत नाही. दही, आलं-लसूण, मसाला काहीही लावायचं नाही, हे आपल्याला सगळ्यात जड जातं. नुसतं मीठ, जरा उंचावरून भुरभुरवलेलं.

जाळी नको. दोन विटा समांतर मांडा, मध्ये नारळाच्या करवंटीचा कोळसा चांगला पांढरा होईपर्यंत पेटवा आणि काड्यांची दोन टोकं विटांवर टेकवा, मांस निखाऱ्याच्या वर, मूठ बाहेर. सारखं उलटत राहा, चरबी टपकून ज्वाळा उठली की काडी उचलायची. सॉससाठी अर्धा कप जपानी सोया, पाव कप पाणी, तीन-चार चमचे साखर, मिरिन मिळाली तर पाण्याऐवजी ती, आणि जरा घट्ट होईपर्यंत उकळा. कोंबडी जवळजवळ शिजली की बुडवा, परत आचेवर, परत बुडवा, परत आचेवर. आधीच लावलात तर साखर जळून काळी आणि आत कच्चं. बुडवायला थोडा सॉस वेगळ्या वाटीत काढा, उरलेला फ्रिजमध्ये. आणि आपल्याकडचा ब्रॉयलर पूर्ण शिजवूनच खायचा, गुलाबी-बिलाबी काही नको, जाड तुकडा फोडून बघा, पाणी पांढरं-पारदर्शक निघालं पाहिजे. सोबत कच्चा कोबी हाताने फाडून, वर थोडं व्हिनेगर, फुकुओकाला देतात तसा.